‘बस’ म्हणाले, ‘ऊठ’ म्हणाले नाहीत

पिंपळखुटे साहेबांच्या उजव्या कानात कायम कापसाचा एक बोळा असायचा. नवखा माणूस समजायचा, अत्तराचा फाया असेल, आणि वास घ्यायला उगाच थोडा जवळ सरकायचा. वास कुठला, नाकात धूळ जायची. तो बोळा म्हणजे त्या दिवशी केंद्रावर आलेल्या कापसातला सर्वांत सरस कापूस. दिवसभरात साहेब शंभरेक बंड्या, म्हणजे कापसानं भरलेल्या बैलगाड्या, तपासायचे. त्यातल्या एखाद्या बंडीतला चिमूटभर कापूस त्यांच्या मनात भरायचा आणि थेट कानात जायचा. संध्याकाळी तो काढून कागदाच्या पुडीत बांधायचे, पुडीवर गावाचं नाव लिहायचे. शेतकऱ्याचं लिहीत नसत. "पीक मातीचं असते, घाटे," मला म्हणायचे, "माणूस नुसती राखण करते."

रांगेतल्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. आज कुणाचा कापूस सायबाच्या कानात गेला, ही खबर शेवटच्या बंडीपर्यंत दहा मिनिटांत पोचायची. रुंझ्याकडचा एक म्हातारा तर वर्षभर सांगत हिंडला, माहा कापूस सायबाच्या कानात होता म्हणून. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी मोठ्या घरी दिली.

मी तेव्हा त्या केंद्रावर वजनाच्या पावत्या फाडणारा कारकून होतो. केळापूर तालुक्यात, सडकेला लागून आमचं कापूस खरेदी केंद्र, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. पिंपळखुटे साहेब ग्रेडर. म्हणजे कापसाची प्रत ते ठरवणार. त्यांनी ‘पास’ म्हटलं की बंडी काट्यावर चढणार, ‘फेर’ म्हटलं की परत फिरणार. वर्षं कापसाची वाईट होती. भाव पडलेले, खरेदी उशिरा सुरू व्हायची, मधेच बंद पडायची, आणि बंड्यांची रांग फाटकातून निघून सडकेवर नजर पोचेल तिथवर जायची. माणसं तीन तीन दिवस बंडीखाली झोपायची, तिथंच तीन दगडांवर स्वयंपाक करायची. अशा माणसाला ‘फेर’ ऐकवायचं, तर ऐकवणाऱ्याचा शब्द तेवढा खणखणीत लागतो. साहेबांचा होता. त्यांच्या शब्दावर कुणी उलटून बोललेलं मी पाहिलं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं जे गेलं ते हेच गेलं.

दिसायला माणूस मोठा मजेदार. नाक डावीकडे वळलेलं, कारण नागपूरला कॉलेजात असताना साहेब बॉक्सिंग खेळायचे आणि कुणीतरी त्या नाकाला रस्ता दाखवला होता. शर्टाची उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, डावी मनगटाशी बटण लावलेली. एका बाजूनं पहिलवान, दुसऱ्या बाजूनं पोस्टमास्तर. उजवा हात बंडीत बगलेपर्यंत घालायचे, तळातला कापूस काढायचे, डोळे मिटून दोन चिमटींत ओढायचे, तंतू अंगठ्याच्या नखावर जुळवायचे, आणि डोळे उघडण्याआधी निकाल देऊन मोकळे. डोळे मिटता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "उघडे ठेवले की बंडीवाल्याचं तोंड दिसते. मंग हात खोटं बोलाले लागते."

बंडीवाल्याचा चहासुद्धा घेत नसत. घरून थर्मास आणायचे आणि जो येईल त्याला त्यातला अर्धा कप पाजायचे.

आणि तरीही ते कठोर होते असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. एकदा एका बंडीत त्यांचा हात गेला आणि कोपरापर्यंत ओला होऊन बाहेर आला. वजन वाढावं म्हणून वरचा थर कोरडा ठेवून खाली पाणी मारलेलं. आता तमाशा होणार म्हणून मी खुर्ची पुढं ओढून बसलो. साहेबांनी हात पुसला, बंडीवाल्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा कापूस आंघोळ करून आलेला दिसते. असा भिजल्या अंगानं त्याले काट्यावर नका बसवू, सर्दी होईन." आणि त्या माणसाला स्वतःच्या ऑफिसच्या ओट्यावर कापूस पसरायला लावला. दोन दिवस आम्ही सगळे त्या कापसाला वळसा घालून आत-बाहेर केलं. तिसऱ्या दिवशी साहेब त्यावरून हात फिरवून म्हणाले, पास. चिडले नाहीत, उपदेश केला नाही, कुणाला सांगितलंही नाही. सांगायला मी होतोच. ती गोष्ट मी पांढरकवड्याच्या तीन चहाच्या टपऱ्यांवर अभिनयासहित करून दाखवली. कापसाची भूमिकासुद्धा मीच केली.

हा माझा गुण म्हणा, रोग म्हणा. जे दिसेल ते मला करून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

आता सोमा टेकाम. झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावचा, वय पंचवीसच्या आत, आणि शेजारच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती ट्रकवर चढवणारा हमाल. तेरा वर्षांचा असल्यापासून हेच काम. बोलणं फार कमी. हमालांची एक रीत आहे, ती नीट सांगतो. पोतं घ्यायचं तेव्हा हमाल एक गुडघा टेकून, पाठ वाकवून बसतो, आणि दोन्ही हात मानेमागं नेतो. दोघं जण पोतं उचलून त्याच्या पाठीवर लावतात. लावणाऱ्यातला एक आधी म्हणतो, "बस." पोतं नीट बसलं की म्हणतो, "ऊठ." तो ‘ऊठ’ ऐकल्याशिवाय हमाल जागचा हलत नाही. कारण पोतं अधांतरी असताना उठला तर मान मोडते. हे कुणी शिकवत नाही. एकाची मोडलेली पाहिली की बाकीच्यांना येतं.

साहेबांनी ओट्यावरून हे रोज पाहिलेलं. एके दिवशी त्यांनी सोमाला बोलावलं आणि न सांगता त्याच्या तोंडावर ठोसा सोडला. सोडता सोडता म्हणाले, "बस." सोमा बसला. ठोसा त्याच्या केसांवरून गेला. "ऊठ," म्हणाले, आणि सोमा असा उठला की त्याच्या डोक्याचा धक्का लागून साहेबच ओट्यावर बसले. जाग्यावरच हसायला लागले. "घाटे," म्हणाले, "क्विंटलभराचं पोतं घेऊन उठते हा माणूस. रिकाम्या पाठीनं उठन तं समोरच्याचं काय होईन, विचार करा."

तेव्हापासून जिनिंगची पाळी सुटली की वजनकाट्यामागं त्यांचा आखाडा सुरू व्हायचा. हातमोजे गोणपाटाचे, साहेबांनी स्वतः दाभणानं शिवलेले. आत कापूस मात्र लांब धाग्याचा, त्यात तडजोड नाही. डावपेच एकच. समोरचा मारायला आला की साहेब कोपऱ्यातून म्हणायचे "बस", सोमा खाली, ठोसा वरून गेला की "ऊठ", आणि सोमा खालून वर. आसपासच्या जत्रांमध्ये तीन लढती झाल्या, तिन्ही या दोन शब्दांत संपल्या. बॉक्सिंगमध्ये गुडघा टेकला की पंच दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात उठलं नाही तर हार. सोमाचा गुडघा टेकायचा आणि पंचानं एक म्हणायच्या आत तो वर आलेला असायचा.

बाभुळगावला गंमत झाली. साहेबांनी "बस" म्हटलं, सोमा बसला, आणि गर्दीतला एक टवाळ साहेबांच्या आधीच "ऊठ" म्हणून ओरडला. ठोसा अजून डोक्यावर होता. सोमा हलला नाही. मग साहेबांचा शब्द आला, तेव्हा उठला. नंतर मी त्याला विचारलं, का रे, तुला कसं कळलं? म्हणाला, "पोतं त्यायनं लावलं, मंग ऊठ म्हनाचं बी त्यायनंच."

ही गोष्टही मी टपऱ्यांवर केली. सगळ्या तालुक्याला ती पाठ झाली. हेही ध्यानात ठेवा.

मग ती मोठी लढत आली. तालुक्यातल्या एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बॉक्सिंगचे सामने ठरले. जागा आमच्या केंद्राचं आवार, कारण प्रेक्षक तिथं तीन दिवसांपासून आयतेच बसलेले होते. जिंकणाऱ्याचं नाव पुढच्या स्पर्धेला जाणार, आणि तिथून खेळाडूंच्या जागेवर पोलिसात लागायची वाट होती. सोमाला वयाची मर्यादा संपायला थोडेच महिने उरलेले. म्हणजे त्याच्यासाठी पहिली आणि शेवटची संधी. त्याच्यासमोर यवतमाळचा विक्की नावाचा जवान, आणि तो पुढाऱ्याचा सख्खा भाचा.

आदल्या दिवशी पुढारी साहेबांच्या खोलीत येऊन अर्धा तास बसला. दार लावलेलं होतं. मी पावत्या घेऊन दोनदा दारावरून गेलो. काही ऐकू आलं नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

लढत भर दुपारी. चार बांबू, त्यांना बंड्यांचे नाडे बांधून केलेलं रिंगण, आणि चहूबाजूंनी बंड्यांवर, कापसात रुतून बसलेली माणसं. पंच यवतमाळहून आलेले एक क्रीडाशिक्षक. वेळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायला मी. म्हणजे रिंगणापासून दोन हातांवर. साहेबांपासून एक.

पहिली फेरी सोमानं नुसती चालून काढली. दुसऱ्या फेरीत विक्कीनं उजवा हात मागं नेला, आणि साहेब म्हणाले, "बस."

सोमा बसला. एक गुडघा जमिनीवर, पाठ वाकलेली, दोन्ही हातमोजे मानेमागं. विक्कीचा ठोसा वरून गेला. काही म्हणतात केसांना लागला, काही म्हणतात कानशिलाला. मी दोन हातांवर होतो, आणि मी सांगतो, वारा लागला असेल. विक्की स्वतःच्याच झोकानं पुढं जाऊन नाड्यावर पडला. त्याची पाठ सोमाकडे. एवढं सोपं कधी नव्हतं.

आम्ही सगळे ‘ऊठ’ची वाट बघत होतो.

पंचांनी एक म्हटलं. दोन म्हटलं. मी साहेबांकडे पाहिलं. तोंड अर्धवट उघडं, कानात कापूस, नजर सोमावर. चार झाले, तेव्हा त्यांनी हात खिशात घातला. पाच, सहा. बंड्यांवरची माणसं उभी राहिली आणि सगळ्या आवारातून ओरडा सुटला, "ऊठ, ऊठ बे सोमा." शंभर माणसं ‘ऊठ’ म्हणत होती, आणि सोमा शंभरांचं ऐकणारा नव्हता. सात, आठ. तो तसाच, रिकाम्या पाठीवर नसलेलं पोतं धरून, डोळे मिटून. नऊ. दहा.

मी रुळाच्या तुकड्यावर घण मारला. कुणी टाळी वाजवली नाही. विक्कीलाही आपण जिंकलो हे समजायला वेळ लागला.

सोमाभोवती गर्दी झाली. का उठला नाहीस, लागलं का कुठं, काय झालं. तो एकच वाक्य बोलला, "सायबानं म्हटलं नाही, म्हून उठलो नाही." हातमोजे काढून काट्यावर ठेवले आणि जिनिंगमध्ये गेला. त्याच पाळीची पोती राहिली होती.

झालं. तेवढं वाक्य पुरे होतं. पुढाऱ्याचा भाचा, बंद दार, आणि साहेबानं म्हटलं नाही. सोमाला वाटलं तो खरं सांगतोय, आणि तो खरंच सांगत होता. पण लोकांनी त्यात जे ऐकायचं ते ऐकलं.

आता माझा भाग. तो लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर लोकांनी मला घेरलं. घाटेबुवा, तुम्ही जवळ होते, करून दाखवा. मी दाखवलं. पंच झालो, विक्की झालो, सोमा झालो, आणि मग साहेब झालो. साहेबांच्या जागी नुसतं उभं राहायचं होतं, आणि नुसत्या उभं राहण्यात नाटक कुठलं? म्हणून चार या आकड्याला मी हात खिशात घातला, आणि आतलं पाकीट जागेवर आहे की नाही, हे चाचपल्यासारखं केलं. भुवई थोडी वर, आणि चेहऱ्यावर समाधान. टपरी हसून कोसळली. दुसऱ्यांदा केलं तेव्हा समाधान थोडं वाढवलं.

महिन्याभरानं मी एस.टी.नं यवतमाळला चाललो होतो. शेजारच्या अनोळखी माणसानं मला ती लढत सांगितली. म्हणाला, "म्या सोताच्या डोयानं पाह्यलं नं जी. चार म्हनल्याबरोबर गिरेडरनं पाकीट चाचपलं. अन् हासला बी." मी त्याला म्हणालो, हो का. पुढं काही करून दाखवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

केंद्रावर पुढच्या आठवड्यात एका बंडीला साहेबांनी ‘फेर’ दिला. बंडीवाला खाली उतरला नाही. वरूनच म्हणाला, "लढाई इकनारा मानूस कापूस काहून नाही इकन?" साहेबांनी ऐकलं. पुढच्या बंडीत हात घातला. त्या दिवसापासून लोक त्यांच्या निकालावर दुसरा निकाल मागायला लागले. वरून हुकूम आला की ग्रेडरच्या कागदावर आणखी एकाची सही घ्यावी. ती सही करायला मला नेमलं. मला, ज्याला कापूस आणि सावरी यातला फरक नीट कळत नव्हता. साहेब ‘पास’ म्हणायचे, आणि शेतकरी माझ्या तोंडाकडे बघायचा.

साहेब बदलले म्हणावं तर तसंही नाही. हात बगलेपर्यंत बंडीत जायचाच, डोळे मिटायचेच, थर्मास यायचाच. फक्त कानातला बोळा गेला. सरस कापूस येत होता, तो ते चिमटीत धरून बघायचे आणि बंडीत परत टाकायचे. मी एकदा सुचवलं, साहेब, आजचा कानाजोगा होता. म्हणाले, असेल. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. भिंतीला विचारावं आणि भिंतीनं उत्तर द्यावं, तसं.

सोमाची वयाची मर्यादा संपली. तो झरीकडे जंगलकामाला निघून गेला.

अशी सात-आठ वर्षं गेली. त्या काळात आम्ही दोघांनी समोरासमोर बसून हजारो कागदांवर सह्या केल्या, आणि त्या दुपारबद्दल एक अक्षर बोललो नाही. मग केंद्र कायमचं बंद करायचं ठरलं, आणि त्याच महिन्यात साहेबांची सेवानिवृत्ती आली. आवार रिकामं पडलं. मी त्यांच्या पुड्या भरायला मदत करत होतो. कानातल्या कापसाच्या त्या पुड्या, गावांची नावं लिहिलेल्या, एक लोखंडी ट्रंक भरून निघाल्या.

भरता भरता साहेब म्हणाले, "घाटे, तुमचा तो चार आकड्याचा प्रवेश फार चांगला होते म्हणतात. मी कधी पाह्यला नाही. करून दाखवा."

माझ्या हातातली पुडी हातातच राहिली. म्हणालो, साहेब, जाऊ द्या, ती जुनी गोष्ट झाली.

"करा नं. मीच तेवढा राह्यलो पाहाचा."

मी उभा राहिलो. त्या माणसासमोर त्याचंच सोंग केलं. पंच होऊन एक, दोन, तीन म्हटलं. चारला हात खिशात घातला. भुवई वर नेली. माझ्या अंगातून काहीच येत नव्हतं. हात माझा, खिसा माझा, आणि दोन्ही दुसऱ्याचे वाटत होते. पाकीट चाचपलं. समाधानाचं हसू मात्र आलं नाही.

साहेबांनी सगळं नीट पाहिलं, बंडीतला कापूस पाहायचे तसं, फक्त डोळे उघडे ठेवून. म्हणाले, "उजवा नाही. डावा हात घातला होता मी. बधिर झाला होता, बोटं हालत नोहती. लोकाले दिसू नये म्हणून घातला."

मग ट्रंकेच्या कडेवर बसले आणि त्यांनी सांगितलं. आवाज तोच, भिंतीचा.

"तो पुढारी आला होता. सोमाले हरवा म्हणाला. देतो म्हणाला काय पाह्यजे ते. मी त्याले अर्धा कप चहा पाजला अन् नाही म्हटलं. गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी सोमा बसला. ‘ऊठ’ माह्या जिभीवर आला होता, घाटे. अन् माही नजर त्याच्या पाठीवर गेली. सहा दिवस खरेदी जोरात होती. सहा दिवस तो पोती वाहून राह्यला होता, त्या दिवशी दुपारपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्याले हजार वेळा बसताना पाह्यलं. पाठीवर काही नाही अन् तो डोळे मिटून बसला, असं पयल्यांदा. तोंडावर काय आराम होता. त्याले ऊठ कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी म्हणालो, साहेब, पण दहा आकडे—

"ते मले माहीत होते. विसरलो नोहतो. एकेक आकडा आयकला मी. म्हटलं, अजून एक बसू द्या. अजून एक." मग म्हणाले, "त्यानं लढत विकत मागितली, तवा नाही म्हटलं. अन् दुसऱ्या दिवशी फुकट देऊन टाकली. सोमाची होती ती. माही नोहती."

मी विचारलं, मग लोकांना हे सांगितलं का नाही?

"काय सांगू? दया आली म्हणून पोराची नोकरी घालवली? विकली म्हणतात तेच बरं. त्यात निदान काही किंमत तरी आली म्हणतात." आणि पुढची पुडी माझ्या हातात दिली. "हे रुंझा. वर ठेवा."

मला माफी मागायची होती. मी पुडी वर ठेवली.

निघायच्या दिवशी सकाळी सोमा आला. कुणी कळवलं होतं, मला माहीत नाही. झरीच्या पहिल्या गाडीनं आला असणार. कानशिलावरचे केस पिकलेले, बांधा तोच दणकट. साहेबांना रामराम केला. साहेबांनी थर्मासातला अर्धा कप पुढं केला, तो त्यानं उभ्यानं प्यायला. फाटकाशी टेम्पो उभा होता, आणि ओट्यावर ती ट्रंक.

सोमानं कप ठेवला. ट्रंकेकडे पाठ केली. एक गुडघा टेकला, वाकला, आणि दोन्ही हात मानेमागं नेले.

टेम्पोवाला आणि मी पुढं झालो. ट्रंक उचलली, आणि उचलताना माझ्या लक्षात आलं, हिला दोन माणसं लागतच नाहीत. आत नुसता कापूस. एका हातानं बगलेत मारून कुणीही नेली असती, मी सुद्धा. सोमाला ते कळलं नसेल असं नाही. आम्ही ती त्याच्या पाठीवर ठेवली आणि बाजूला झालो.

सोमा उठला नाही.

टेम्पोवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हातानं गप्प केलं. साहेब ओट्याच्या पायरीवर उभे होते, तोंड अर्धवट उघडं. डावा हात खिशाकडे गेला, आणि खिशाशी थांबला. माझ्या डोक्यात, मी न सांगता, मोजणं सुरू झालं. तीन. चार. आवार रिकामं होतं. ओरडायला कुणी नव्हतं. सहा झाले, सात झाले. सोमानं डोळे मिटलेले होते. आठ.

"ऊठ," पिंपळखुटे साहेब म्हणाले. आणि मग हळू, "ऊठ, बाबू."

सोमा उठला. ट्रंक टेम्पोत ठेवली, धोतराला हात पुसले आणि झरीची परतीची गाडी सापडते का बघायला सडकेकडे गेला. साहेब ड्रायव्हरशेजारी चढून बसले. टेम्पो वळला तेव्हा त्यांची उजवी बाजू माझ्याकडे होती. बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. कान रिकामा.

ही गोष्ट मी आजवर कुठल्याही टपरीवर करून दाखवलेली नाही.